यशच्या नावाने सही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा यशच्या नावाने सही केली. तीन पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मंजुरीला आले होते. दोन ठीक, एक अगदीच भंगार. भंगारवाल्याला यशसारखंच उत्तर लिहिलं — दोन ओळी, नमस्कार नाही, आभार नाही. ‘हे का करायचं ते सांगितलेलं नाही. आधी ते सांगा.’ यश असंच लिहायचा. लोक त्याला खडूस म्हणायचे. आता खडूस मी आहे आणि कुणाला पत्ता नाही.

काम तरी काय? संगणकाला एखादं यंत्र जोडलं की कर्नेलने, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्यातल्या कोडने, त्याला विचारायचं — बाबा, तू कोण? त्याने ओळख दिली की त्याला मेमरीत जागा द्यायची आणि त्याच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ते यंत्र हाताळणाऱ्या कोडच्या, हवाली करायचं. यंत्र काढलं की जागा परत घ्यायची. जगभरातली जुनी यंत्रं ज्या कोडवर चालतात, त्याच्या देखभालीच्या यादीत एकच नाव — यशराज, कडेगाव. पगार शून्य. मामा, म्हणजे माझे सासरे हंबीरराव, फौजेत सुभेदार होते. त्यांना अजून वाटतं की त्यांचा मुलगा कुणा कर्नलसाहेबांचं काम करत होता. मी कधी दुरुस्त केलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

साताऱ्याला जाऊन आलो. डॉक्टरांचं तेच. फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण समजतं किती, ते सांगता येत नाही. नऊ महिने झाले, सांगता येत नाही!

परत येताना गाडीत मनुबाई म्हणाली, “वैनी, दादास्नी समदं कळतंय बघा.” ती जतकडची. मार्चपासून यशला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं तीच करते. तिला वाटतं, कारण ती दिवसभर त्याच्याशी बोलते. मी नुसती हं म्हणाले. आशा धरायची ताकद माझ्यात राहिलेली नाही.

६ नोव्हेंबर

हे सुरू कसं झालं ते एकदा लिहून ठेवते.

मार्चमध्ये ओलावचा मेल आला. नॉर्वेचा आहे, या कामात यशच्या वरचा. दीड महिना उत्तर नाही, आहेस ना? नसशील तर रिवाजाप्रमाणे तुझं नाव काढून तो भाग बेवारस म्हणून नोंदवावा लागेल. तेव्हा यश अतिदक्षता विभागातून नुकताच घरी आला होता, नळीतून जेवत होता. मी त्याच्या पलंगाशेजारी त्याच्याच लॅपटॉपवर तो मेल वाचला. सगळीकडून त्याचं नाव पुसलं जात होतं. त्याच्या नोकरीच्या कंपनीने पुसलं, मित्रांनी फोन बंद केले. आता हेही? मी लिहिलं — ‘आजारी होतो. आता आलोय.’ बारा वर्षं मीही ड्रायव्हरच लिहितेय, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, अवघड काहीच नव्हतं. सहीची किल्ली त्याच्या लॅपटॉपवर, तिचा परवलीचा शब्द मला माहीत.

पण त्या सहीचा अर्थ काय, तेही मला माहीत होतं. ‘हे मी स्वतः पाहिलं आहे आणि याला मी जबाबदार आहे.’ बाकी काही नाही त्या सहीत. तेवढंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

घोळ झालाय. ब्राझीलमधल्या एका प्रयोगशाळेतून तक्रार आली. नवीन आवृत्ती टाकल्यापासून रक्ततपासणीचं यंत्र संगणकापासून काढलं की संगणक जागीच गोठतो. दिवसभराचे नमुने फुकट. त्यात लहान मुलांचे होते, परत सुया टोचाव्या लागल्या.

१० नोव्हेंबर

सकाळी कंपनीला सुट्टी टाकली. शोधत शोधत मागे गेले. जुलैमधला पॅच. एकाने ‘सोपं करतो’ म्हणून पाठवला होता. यंत्र काढलं तरी संगणकात कुणी ना कुणी त्याला धरून असतं — कुणी वाचत असतं, कुणी उत्तराची वाट बघत असतं. सगळ्यांनी सोडल्यावरच जागा मोकळी करायची. या पॅचने ती आधीच मोकळी केली. बघताक्षणी कळायला हवं होतं. यशला कळलं असतं! त्या दिवशी यशला ताप होता. मी एका हाताने त्याच्या कपाळावर पट्टी धरून दुसऱ्या हाताने तो मंजूर केला.

खाली सही — यशराज.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

या कोडवर काम करणाऱ्या सगळ्यांना मेल जातात त्या यादीवर चर्चा चाललीय. वाईट कुणी बोलत नाही, तेच जास्त लागतं. एकाने लिहिलंय, यशराजच्या नजरेतून हे सुटलं याचं आश्चर्य वाटतं. दुसऱ्याने लिहिलंय, गेले काही महिने त्याचं लक्ष नाही, अजून दोन जागा संशयास्पद आहेत. पंधरा वर्षांत त्याच्याबद्दल असं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं. ज्या नावासाठी एवढं केलं, त्यालाच मी काळं फासलं.

१५ नोव्हेंबर

दुरुस्ती पाठवली. तीही त्याच्या नावाने. खाली लिहिलं — ‘चूक माझी. क्षमस्व. यशराज.’

त्याने न केलेल्या चुकीची मी त्याच्याकडून माफी मागवली. बोटं थांबली कशी नाहीत माझी?

१९ नोव्हेंबर, बुधवार

ओलावचा खाजगी मेल. ‘तू कधी माफी मागत नाहीस. ठीक आहेस ना?’

उत्तर दिलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मामांना सांगितलं. ऊसतोडीची टोळी आली होती, तिला चहा देऊन ते ओसरीवर बसले होते. सगळं सोपं करून सांगितलं. यश जे काम करायचा, ते मार्चपासून मी करते, पण सही त्याची घालते. माझ्या हातून चूक झाली आणि ती त्याच्या नावावर चढली. खरं सांगितलं तर त्याचं नाव कायमचं निघेल. नाही सांगितलं तर नाव राहील, पण डाग घेऊन.

मला वाटलं, समजूत काढतील. मामांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, “पलटणीत गैरहजर जवानाची हजेरी दुसऱ्यानं लावली, तर पैलं एकच इचारत्यात. त्यानं सांगितलं हुतं का?”

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

“यशनं सांगितलं हुतं का, क्रांती?”

त्याला कुठे बोलता येतं, मी म्हणाले. मामा उठले आणि टोळीकडे निघून गेले. मला राग आला. नऊ महिने रात्रंदिवस मी करतेय, आणि हे मला हजेरीचे नियम सांगतात! संध्याकाळपर्यंत राग गेला. प्रश्न गेला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी यशजवळ बसले. मनुबाईला बाहेर पाठवलं. लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू सांगितलं. तुझं नाव मी चालवतेय. चुकलं माझं थोडं. मिटवते मी. चालेल ना तुला? हो असेल तर डोळे मिट.

त्याने मिटले नाहीत. एकटक बघत राहिला आणि मग मान भिंतीकडे वळवली.

कळलं नसावं.

२६ नोव्हेंबर

ओलावला आणि सगळ्या यादीला खरं काय ते लिहिलं. मार्चपासून सगळं मी, चूक माझी, यश आजारी आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. पाच वेळा वाचलं. पाठवलं नाही. पाठवलं की तो तिथूनही जाईल. मग उरतो कुठे? पलंगावर. फक्त पलंगावर.

शुक्रवारी विट्याहून त्याची औषधं आणायचीत. आले की पाठवते. नक्की.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी एकला विट्याहून आले. लॅपटॉप उघडला, माझा मसुदा तसाच होता. पण यादीवर यशच्या खात्यातून गेलेला एक मेल होता, सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांचा. खाली त्याची खरी किल्ली, खरी सही. तीन वाक्यं. नमस्कार नाही, आभार नाही.

‘मार्चपासून माझ्या नावाने झालेली एकही सही माझी नाही. ती करायला मी कुणाला सांगितलेलं नाही. माझं नाव काढा.’

मनुबाई दारात उभी होती. म्हणाली, “परवापास्नं चाललं हुतं, वैनी, तुमी कामाला बसला की. डाव्या हाताच्या एका बोटानं. तुमास्नी सांगू नगं म्हणून डोळ्यानं लय इनवलं मला.”

नऊ महिन्यांत तो पहिल्यांदा काही बोलला. सगळ्या जगाला बोलला, मला सोडून.