बांधून ठेवलेली बोंडं

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (पाठ धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात, का धरली ते पुढे येईल). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की आगंतुक पाहुण्यासारखा अजून रेंगाळतोय? आम्ही इकडे देवाच्या कृपेनं बरे आहोत. तुझी भावजय माझ्याहून बरी आहे, असं तीच म्हणते.

तुमच्याकडच्या चष्म्याच्या दुकानात जागा आहे, भाचीला कधी पाठवतोस, असं तू विचारलंस. उत्तर देतोच, पण आधी चेस्टनटचं ऐक, म्हणजे माझी बाजू ध्यानात येईल.

आमच्या प्रयोगशाळेच्या बागेत चेस्टनटची झाडं आहेत. साळिंदराच्या पिल्लासारखं काटेरी बोंड आणि त्याच्या पोटात तपकिरी फळं. हंगामभर दर सोमवारी मी बोंडं काढतो, काटेरी साल वेगळी आणि फळ वेगळं करून वाळवतो, दळतो, आणि भट्टीत त्यांची राख करून आमच्या संशोधक बाईंना देतो. (भट्टी लावताना मी हात जोडतो. बाई हसत नाहीत. एकदा ती बंद पडली तेव्हा त्यांनीही जोडले होते.) त्या राखेतून कळतं की स्फुरद किती, पालाश किती, कॅल्शियम किती. सुरुवातीला सगळा ठेवा सालीतच असतो आणि आतलं फळ म्हणजे नुसतं नाव. पिकायच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र फळात खरा भरणा होतो. कॅल्शियम तेवढं साल बहुतेक स्वतःकडेच ठेवते, काट्यांना लागत असेल. आता तूच सांग, शेवटचे दिवस किती मोलाचे! म्हणून माझं म्हणणं, पोरगी आणखी वर्षभर घरी राहू दे. समोर दूध उतू गेलं तरी तिला दिसत नाही, आणि अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

तर, शेवटचा नमुना सोमवारी काढायचा आणि बोंडं शनिवारीच उकलायला लागली. फळ खाली पडलं की कुठलं फळ कुठल्या सालीचं, हे कोण सांगणार? मी सुतळीचा गुंडा आणि शिडी घेतली, पोरीला शिडी धरायला लावली आणि एकेक बोंड आवळून बांधलं. खालून म्हणते, "बाबा, त्यांना बाहेर यायचं असेल." मी म्हटलं, "सोमवारी येतील." हे बोलताना खाली पाहिलं, पाय चुकला आणि मी थेट गळालेल्या सालींच्या ढिगावर पाठीवर आलो. तुझ्या भावजयीनं चिमट्यानं काटे काढले. प्रत्येक काट्यागणिक माझ्या वयाचा उल्लेख झाला.

सोमवारी बाई बागेत आल्या आणि बघतच राहिल्या. दाढदुखीनं गाल बांधलेल्या माणसांची रांग लागावी तशी ती झाडं दिसत होती. मग हळूच म्हणाल्या, "काका, बोंड उकललं म्हणजे भरणा पुरा झाला. सालीकडं आता द्यायला काही नाही. बांधून ठेवलंत तर आत बुरशी धरेल, दुसरं काही वाढणार नाही."

पोरीनं कात्री घेतली, मी शिडी धरली. ती सुतळ्या कापत गेली आणि फळं टपाटप माझ्या टोपलीत, काही डोक्यावर पडली. ती वरून हसत होती. इतकी मोठी कधी झाली, कळलं नाही गं.

तरीही, ताई, माझं मत कायम आहे. पोरगी वर्षभर इथंच राहील. यात बदल नाही.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्या मुलीनं ते तुझ्या हातात दिलं, तिला आधी आत घे. पेटी जड आहे, आईनं भरली आहे.

आणखी ता. क. पत्र तिला वाचायला देऊ नकोस. मी तिची भरपूर तारीफ केली आहे, अशी तिची समजूत आहे. ती तशीच राहू दे.

शेवटचं. रागावली की ती जेवत नाही, आणि रडली तर नाही म्हणते. दोन्ही वेळा पुन्हा एकदा विचार. आणि पोचल्याचं कळवायला तिला सांगू नकोस. ती नव्या जागेच्या नादात विसरेल आणि मी उगाच मनाला लावून घेईन. तूच कळव, आणि तिनंच कळवायला सांगितलं असं लिही.