विहिरीवरचा शेवटचा प्रवेश

बाबा, इतकी वर्षं झाली, तरी दिवाळीनंतर गावजत्रेचा, मंडईचा ढोल वाजला की माझं डोकं फिरतं, आणि ते तुमच्यामुळेच. मंडईसाठी नाटक लिहिलंत तेही दारू सोडण्यावर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. तुम्ही तर कोरडेही नव्हता. बरं, एक गोष्ट धड सांगावी, तर तीन. एक दारुडा, तो तुम्ही. दुसरी माहेरी निघालेली त्याची बायको, ती मी, विशीतला, आईचं लुगडं नेसून. तिसरा दारूचा ठेकेदार, ज्याचा स्वतःचाच पोरगा चोरून पितो. तिघं शेवटपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. तालमीत मी वैतागून विचारतो, "बाबा, तीन गोष्टी कायले? लोकायले समजन का?" तुम्ही विडी विझवता. "काऊन नाही समजन बे? गावात रस्ते किती बी असो, विहीर एकच रायते." म्हणून शेवटचा प्रवेश विहिरीवर. दारुडा शिशीतून घोट घेतो, इकडून बायको येते, तिकडून पोराला शोधत ठेकेदार, आणि दोघांची तोंडं बघून दारुडा भरलेली शिशी दगडावर फोडतो.

आईनं लुगडं दिलं ते एका अटीवर. "नाटकात सोडता, तं घरी बी सोडा." तुम्ही पाळलंत. आठ दिवस थेंब नाही. आई चुलीपाशी गुणगुणते आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. पण तुमचे हात! मंडईच्या सकाळी शिशी धरवेना, संवाद आठवेना, आणि सालेकसा-दरेकशाकडून माणसं येऊन पाल टाकून बसलेली.

दुपारी शेवटचा प्रवेश आला. शिशीत पाणी असायचं. तुम्ही घोट घेतलात, थांबलात, माझ्याकडे बघितलंत, आणि सगळी घशाखाली ओतलीत. मग रिकामी शिशी फोडलीत. हात जरासुद्धा थरथरला नाही. लोकांनी वन्स मोर दिला. पुढे बसलेल्या आईला मोहाच्या दारूचा वास कळला, ती उठून गेली. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही सोडली नाहीत. थुंकता आलं नसतं का हो तुम्हाला? भरलेली फोडायची, असं तुम्हीच तर लिहिलं होतं!

घरी आईनं विचारलं, "शिशीत मोहाची कोनं भरली?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "मीच भरली." मी तिथेच तिच्या लुगड्याची घडी घालत होतो. नाटक पडेल या धास्तीनं ती मी भरली होती, बाबा, आणि मी घडी घालतच राहिलो. आई आत्ताही अंगणात बसून तुमच्या नावानं बोटं मोडते आहे. तिनं हा कागद कुणाकडून वाचून घेऊ नये, म्हणून मी तो चुलीत घालणार आहे.