बाबांचा नाश्ता माझ्या पोटात

ती. ताईस,

धाकट्याचा (आता वजनाने थोरल्याचा) साष्टांग नमस्कार. साष्टांगच घालतो, कारण वाकून करायला गेलो की पोट आड येतं. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, बाबाही ठीक आहेत. तू धावपळ करून यायची मुळीच गरज नाही.

पत्रास कारण नाश्ता. आहाराच्या बाईंनी बजावलंय की बाबांचं अंग भरायला हवं, आणि दूध-अंडं त्यांना सोसत नाही, तेव्हा सकाळी डाळी-दाण्यांतून प्रोटीन द्या. दहा मिनिटांत होतं म्हणाल्या. (त्यांच्याकडे होत असेल.) पहिल्या दिवशी भिजवलेलं सोयाबीन मिक्सरला लावलं आणि झाकण लावायचं राहिलं. छतावर अजून डाग आहेत. दुसऱ्या दिवशी टोफू तव्याला असा चिकटला की कामावरची पत्रा खरवडायची पट्टी आणावी लागली. आता मात्र हात बसलाय. टोफू कुस्करायचा, हळद-मीठ घालून परतायचा, त्यात रात्रीच वाफवून ठेवलेले मूग टाकायचे, वरून दाण्याचं कूट. शेजारच्या काकू विचारतात, लिफ्ट दुरुस्तीचं काम सोडून खानावळ काढलीस की काय.

तर अडचण करण्यात नाही, खाण्यात आहे. बशी पुढे ठेवली की बाबा विचारतात, "तू खाल्लंस का?" मुलांच्या पोटात गेल्याशिवाय त्यांनी कधी घास उचलला नाही, हे तुला मी काय सांगू! बाकी सगळं विसरले. आई गेली हेही विसरले, रोज नव्याने सांगावं लागतं म्हणून मी सांगणंच सोडलंय. पण ही एक गोष्ट तेवढी पक्की. मी म्हणतो, खाल्लं. ते म्हणतात, मला नाही दिसलं. मग मी समोर बसून खातो, ते समाधानाने बघतात, चमचा उचलतात, एक घास घेतात आणि विसरतात. चमचा खाली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नवी बशी. रोज तीन बश्या मी रिचवतो आणि त्यांच्या पोटात जेमतेम दोन-तीन घास जातात. परवा तर कहरच झाला. बंद पडलेल्या लिफ्टच्या छपराच्या झडपेतून आत उतरताना मी मधेच अडकलो, अर्धा वर, अर्धा खाली. मुकादमाने बखोटीला धरून ओढलं. आत अडकलेल्या बाई, ज्यांची सुटका करायला मी गेलो होतो, त्याच खालून मला धीर देत होत्या.

हसलीस ना? मलाही हसू आलं होतं. मग घरी येऊन बाबांना अंघोळ घालताना त्यांच्या बरगड्या हाताला लागल्या आणि मी तिथेच मोरीत बसून रडलो. अगं, माणूस डोळ्यांदेखत झिजतोय आणि मी त्याच्याच वाटचं खाऊन फुगतोय.

असो. हात तेलकट आहेत, जास्त लिहीत नाही. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. यायची गरज नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं.

आणखी एक. चौथ्या बशीचं सांगितलंच नाही. ती बाबा झाकून ठेवतात, ताई शाळेतून येईल म्हणून, आणि दाराकडे बघत बसतात. मी म्हटलं, बाबा, ती जेवली, तिची पोरं कॉलेजात आहेत. तर म्हणाले, "तिला सांगू दे." फोनवर तुझा आवाज ऐकवला, तर म्हणाले, तो रेडिओ बंद कर. तुला भीती वाटते, त्यांनी ओळखलं नाही तर सोसणार नाही. खरंय. मलाही ते अधूनमधून 'मिस्त्री' म्हणतात. पण मिस्त्रीलाही आधी खाऊ घालतात गं. तुला ओळखोत न ओळखोत, समोर बसवून खायला लावतील, एवढं नक्की.

ये. आणि येताना उपाशी ये.