लिंकनची मोडकी खुर्ची

२ फेब्रुवारी
म्युझियमातल्या जुन्या खुर्चीवर बसलो. ‘बसू नये’ अशी पाटी आहे, पण ती पाहुण्यांसाठी. मी गाईड! पाय मोडला. खुर्चीचा. लाकूडच कुजकं. कुणी पाहिलं नाही. पाय तसाच टेकवून ठेवला. उद्या सकाळी कमिटीला सरळ सांगायचं.

३ फेब्रुवारी
सांगणारच होतो. तेवढ्यात शाळेची सहल. एका मुलीने विचारलं, ही खुर्ची वाकडी का? तोंडून निघून गेलं: लिंकन इथे बसून स्वतःच्याच विनोदावर इतका हसला, की पाय मोडला. पोरं खूश! शेजारच्या गावाकडे लिंकनच्या टोपीची खुंटी आहे, पलीकडच्याकडे पलंग. आमच्या गावावरून तो गेलासुद्धा नाही. लिंकनच्याच इलिनॉय राज्यात राहून ही नामुष्की! तेव्हा ही थाप नव्हे, समाजसेवा. तरी जेवण गेलं नाही. दोनदाच वाढून घेतलं.

७ फेब्रुवारी
दुसऱ्या गाईड आर्डिथबाई पुराव्याशिवाय राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचे प्रसिद्ध खोटे दातही मानत नाहीत. वाटलं, आता फाडून खाणार. तर सफरचंदाचा केक घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू, वेंडेल? कसले उपकार? केक उत्तम.

९ फेब्रुवारी
उलगडा झाला. त्यांना वाटतंय, पॉलिश करताना पाय त्यांच्याच हातून मोडला, आणि त्यांना वाचवायला मी लिंकनला मध्ये घातलं. ढसाढसा रडल्या. नवरा गेल्यापासून म्युझियमच त्यांचं घर. चाव्या काढून घेतल्या तर जायचं कुठे, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच खरं सांगणार होतो. पण रडत्या बाईला धक्का देऊ नये. उद्या नक्की.

११ फेब्रुवारी
कमिटी खुर्चीला पितळी पाटी लावणार. लिंकनच्या नावाची. उद्या त्याच्या वाढदिवसाच्या जेवणाला गावासमोर सगळं कबूल करायचं. भाषण पाठ केलं. आरशासमोर फारच छान होतंय.

१२ फेब्रुवारी
पाटी लावायच्या आतच आर्डिथबाई उठल्या. म्हणाल्या, लिंकन इथे आलाच नव्हता, खुर्ची मी मोडली. वेंडेलने माझ्यासाठी खोटेपणा पत्करला. चाव्या टेबलावर ठेवल्या.
मी ताडकन उठलो. मला काही सांगायचंय, एवढंच म्हणालो, तर सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. जन्मात इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. थांबल्या की सांगायचं ठरवलं. थांबल्या. मी ‘आभारी आहे’ म्हणालो.
कमिटीच्या अध्यक्षांनी आर्डिथबाईंच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, आता म्युझियम तुमच्या हवाली. आर्डिथबाई कोट चढवता चढवता म्हणाल्या, मागच्या दाराची चावी जरा उचलून फिरवावी लागते. मी बरं म्हणालो.