दहापैकी पाच

३ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

तुझं वजन एकशे दहा किलो झालं तरी मला तू बारक्याच. रविवारी तुझा रग्बीचा शंभरावा सामना, हे पेपरात वाचलं आणि छाती फुगली. आपल्या क्लबात शंभरावा खेळणारा मैदानात एकटा उतरतो, बाकीचे मागे दारात थांबतात. माझ्या नशिबी ते नव्हतं. सत्त्याण्णववर मान गेली. आता दुकानात कुणी हाक मारली की मी अख्खाच वळतो, गिऱ्हाइकं हसतात.

नव्या मालकांनी म्हणे तुझ्या शंभराचे शर्ट आधीच छापून विकायला काढलेत, आणि टीव्हीवाल्यांसाठी सामना अलीकडे ओढलाय. आठवड्यात दोन सामने म्हणजे हाडांचा भुगाच. असो, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

परवा स्क्रमच्या रेटारेटीत तुझं डोकं आपटलेलं पाहिलं. क्लबच्या डॉक्टरीणबाई पुन्हा ती दहा शब्द ऐकवून आठवायला लावायची चाचणी घेतील, घाबरू नकोस. हंगामाच्या सुरुवातीला दहा शब्दांपैकी मुद्दाम पाचच सांगायचे, म्हणजे मार लागल्यावर पाचच आठवले तरी कुणी बसवत नाही. ही युक्ती मला माझ्या कॅप्टननं दिली, मी तुला दिली. तेवढी एक परंपरा मालकांना अजून विकता आलेली नाही.

तुझी वहिनी आणि मी पहिल्या रांगेत असू.

तुझा,
दादा


६ मार्च

ती. स्व. दादास, शि. सा. न.

पत्र पोचलं. चाचणी झाली. पाच आले. बाईंनी सुरुवातीचा कागद काढला, त्यावरही पाच. खेळायला हरकत नाही म्हणाल्या. मालकांनी पाठ थोपटली.

पण दादा, यंदा मी सुरुवातीला लबाडी केलीच नव्हती. हिनं लेकीची शपथ घातली होती, की खरं तेच सांग. मी जीव तोडून आठवत होतो. चमचा, गालिचा, शिडी, अजून दोन. पुढे काहीच नाही.

काल लेकीला आणायला गेलो आणि तिच्या जुन्या शाळेच्या दारात उभा राहिलो. ती शाळा सोडून दोन वर्षं झाली. रखवालदारानं हौसेनं सही मागितली, मीही दिली. हिला बोललो नाही.

मला भीती वाटते. तरी रविवारी खेळू ना? तू म्हणशील तसं. वहिनीला नमस्कार, आणि माझ्यावर रागावू नका.

तुझा,
बारक्या


७ मार्च

चि. बारक्यास, आशीर्वाद.

खेळायचं नाही.

तुझं पत्र घेऊन मी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कॅप्टनपासून तुझ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी रविवारच्या संघातून तुझं नाव काढून टाकलं. मालक म्हणाले, शर्ट विकले गेलेत, निदान पाच मिनिटं तरी उतरवा. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या जुन्या सोबत्यांनी फोन घेणं बंद केलंय. युक्ती त्यांचीही होती, आता त्यांच्या पोरांनाही बसवतील.

तुला हे मी शिकवलं. अक्कल आली, पण बैल गेल्यावर. स्वतःचे तीन सामने राहिले म्हणून मी तुझ्याकडून शंभर मागत बसलो. तू नव्व्याण्णववर थांबलास, माझ्यापेक्षा दोन जास्त. तेवढं मिरव.

सोमवारी सकाळी दहाला मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. मी न्यायला येईन. हे पत्र खिशात ठेव. विसरशील म्हणून नाही, असं लिहिणार होतो. विसरशील म्हणूनच ठेव.

राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा