मोठी चाकं आणि दरेकशाचा उतार

बाबा,

आज कार्तिक वद्य सप्तमी, बुधवार. सकाळी थंडी होती. धाकटा उजाडताच ट्रक घेऊन दरेकशाच्या वरच्या जंगलात बांबू आणायला गेला आणि दिवस मावळायच्या आत सालेकशाला परत आला. उद्या बाजार, म्हणून बांबू तोडणारी माणसंही भाऱ्यावर बसून खाली आली. सगळे सुखरूप आहेत. हे आधी लिहितो, कारण दिवसभर एवढंच कुणीतरी येऊन सांगावं असं मला वाटत होतं.

तुम्ही गेलात तेव्हा आपली गाडी नव्हती, तुम्ही लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी चालवायचात. लढाई संपल्यावर फौजेचे जुने ट्रक लिलावात निघाले, त्यातला एक आम्ही दोघा भावांनी घेतला. धाकटा चालवतो. भाडं ठरवणं, पेट्रोलचा परवाना आणणं ही कामं माझी. यंदाच्या पावसाळ्यात गाडी नाल्याच्या चिखलात पोटावर बसायची आणि बैल जुंपून काढावी लागायची. म्हणून दिवाळीनंतर धाकट्याने फौजी मालातूनच मोठे टायर आणले, रिमांसकट. गाडी तीन बोटं उंच झाली. पहिल्याच खेपेला ती नाल्यातून अशी निघाली की काठावरचे लोक बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. भरल्या गाडीला चढावर आता दुसरा गिअर पुरत नाही, पहिला टाकावा लागतो. स्टेअरिंग जड झालं आहे, पूर्ण वळवलं की चाक मडगार्डला घासतं. धाकटा म्हणाला, एवढं तर चालायचंच.

परवा रिकाम्या गाडीत मी त्याच्या शेजारी बसून दरेकशाचा घाट उतरलो. त्याने सगळं तुमच्यासारखंच केलं. माथ्यावर गाडी थांबवली, दुसरा गिअर टाकला आणि मग पायथा येईपर्यंत क्लचला पाय लावला नाही. तुम्ही हे शिकवलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तुमच्या बाजूला बसलो आहे, नुकता इंग्रजी शाळेत जाऊ लागलो आहे, आणि वेगाचा काटा मोठ्याने वाचून दाखवतो आहे. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून काट्यावर टाकता. "काट्याकडं कायले पाह्यतं? कानानं आयक. इंजिन असं घुमून राह्यलं ना, तं गाडी आपल्या हातात हाय." त्यानंतर घाटभर मी फक्त ऐकत होतो. तुम्ही गेल्यावर तो आवाज मी धाकट्याला तोंडाने काढून दाखवला, तुमच्या मांडीवर बसून ऐकलेला त्याला थोडा आठवतही होता. आम्हा दोघांना घाटात कसलीच भीती कधी वाटली नाही, तो आवाज होता म्हणून.

परवाही इंजिन अगदी तसंच घुमत होतं, बाबा. काटासुद्धा नेहमीच्याच जागी होता. पण कडेची सागाची झाडं लवकर मागे जात होती आणि वळण यायच्या आधीच आल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन मी जुन्या आणि नव्या टायरभोवती सुतळी धरून पाहिली. नव्याला जुन्यापेक्षा वीतभराहून जास्त लागली. चाक एकदा फिरलं की गाडी तेवढी जास्त पुढे जाते, आणि इंजिनाला ते कळत नाही, काट्यालाही कळत नाही. दोघं चाकाचे फेरेच मोजतात. मी हे धाकट्याला नीट समजावलं. भरलेली गाडी असली तर ब्रेकही कमी पडतील, घाटात पहिल्या गिअरनेच उतर, नाहीतर जुनी चाकं लाव, असं म्हटलं. तो सुतळीकडे बघून हसला. "दादा, सुतळीवरची गाडी चिखलात फसत नाई. अन् पहिल्या गिअरात इंजिन बोंबलते, बाबा असते तं मले खालीच उतरवलं असतं." तुम्ही खरंच उतरवलं असतं.

आज दिवसभर मी ओसरीवर होतो. दुपारी जेवायला बसलो, तेही दाराकडे तोंड करून. तुमच्यावर रागावलो, मग त्या रागाचीच भीती वाटली. ज्या शिकवणीने तुम्हाला इतकी वर्षं घरी परत आणलं, तीच त्याला उतारावर फसवत असेल, आणि विचारायला तुम्ही नाही.

गाडी आली तेव्हा भाऱ्यावरची माणसं हसत होती. एक म्हातारी गोंडीण आपलं गाठोडं सांभाळत उतरली आणि मला म्हणाली, "आज तं तुमची गाडी पाखरावानी आली, बाबू. रोज अशीच आनत जा." मागच्या चाकांजवळ ब्रेकचा जळका वास होता. धाकटा खाली उतरलाच नाही. सगळे पांगल्यावर स्टेअरिंगवरचे हात न काढता त्याने विचारलं, "जुने चाकं कुठी हायेत?"

मी म्हटलं, गोठ्यात.

"सकाळी चढवू," तो म्हणाला. मग पाणी प्यायला आणि न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडला.

कोणत्या वळणावर काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही. एवढं तुम्हाला सांगायचं होतं. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून सांगता आलं.

आता दिवा लागला आहे. मी एकटाच बाहेर जाऊन ट्रकच्या चाकांना पुढून-मागून धोंडे लावून आलो. अंगण सपाट आहे.