पळसाची आडवी फांदी

प्रिय निकिता,

कागदावर लिहून राह्यली म्हणून हासू नको. फोन केला असता तर तू मधीच बोलली असती, अन् मोबाईलवर लिहिलं असतं तर मीच अर्ध्यातून पुसून टाकलं असतं. कागदावरचं खोडलं तरी दिसते, म्हणून हा कागद. इंझोरीत सारं बरं आहे. तूर घरी आली, यांच्या खोकल्याले उतार पडला, सासूबाई संक्रांतीचे लाडू अजून कुलुपात ठेवतात. एवढी खुशाली पुरे. आता जे सांगायचं ते सांगते, अन् शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उठू नको.

तुझ्या त्या वैभवीवर मी जळते. राग म्हटला असता तर जरा बरं दिसलं असतं, पण राग यावा असं तिनं माझं काय केलं? माझ्या पोटात दुखते, दुसरं काही नाही. जूनमंधी ती नागपूरहून तुझ्या शाळेत बदलून आली. दिवाळीले मी तुझ्या घरी आली तर ही माय तुझ्या स्वयंपाकघरात उभी, अन् मलेच विचारते की ताई, साखर किती टाकू. मले तुझ्या घरचा साखरेचा डबा सापडाले चार वर्ष लागले व! खोट काढावं म्हटलं तर तीबी सापडत नाही. बोलते गोड, कामाले वाघीण, सासूबाईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवून देते. अशा बाईचा हेवा केला की आपणच वाईट ठरतो, हे त्याहून मोठं दुखणं.

आपल्या त्या फिरण्याले औंदा अकरा वर्ष झाले. गावातल्या लोकाइले अजून समजत नाही की देवाले जायचं नाही, लग्नाले जायचं नाही, तर दहा बाया नाताळच्या सुट्टीत चार दिवस पाठीवर बोचकं बांधून जंगलात कायले जातात. जऊळक्याच्या स्टेशनावर जमायचं, काटेपूर्णा नदीच्या काठानं निघायचं, अन् चवथ्या दिवशी जंगलाच्या पलीकडं डांबरी सडकेले लागायचं. समोर ग्यानबा. जनमभर तिथं बकऱ्या चारलेला माणूस, सत्तरी गाठली तरी आपल्याले दम लागते अन् त्याले लागत नाही. जिथं वाट फुटते तिथं, ज्या वाटेनं जायचं नाही तिच्यावर तो पळसाची पालेदार फांदी आडवी टाकते, देठ खऱ्या वाटेकडं करून. मागून येणाऱ्यानं फांदी पाहायची अन् दुसरी वाट धरायची. त्याच्या बापापासूनची ही रीत. अन् सगळ्यात मागं आपण दोघी, कोणाचं काही राहिलं का, कोणी थकून बसलं का, ते पाहत येणाऱ्या. मले घरी सारे विचारत की चार दिवस चालून तुले काय भेटते. मी काय सांगणार? त्या मागच्या दोन जागा भेटत होत्या.

औंदा जऊळक्याले तू सहज बोलून गेली, वैजू, तुझा गुडघा दुखते ना, तू ग्यानबाच्या मागं समोर चाल, मागं मी अन् वैभवी राहतो, तिले पाखरं पाहायची असतात. सासूबाईचा गुडघा दुखते, निकिता. माझा नाही. तू दोघींची गल्लत केली, अन् मी ते सांगितलंबी नाही, कारण सांगितलं असतं अन् तरी तू मले समोरच धाडलं असतं तर?

मंग दोन दिवस मी समोर चालली अन् कान मागं ठेवला. खरं सांगते, जंगल औंदा भलतं सुंदर होतं. नदीवरचं धुकं उन्हं आल्यावर वर उचललं, ते मी एकटीनं पाहिलं अन् कोणाले दाखवावं म्हणून मागं वळली तर मागं लताबाई, ती आपली चपलीचा पट्टा लावून राह्यली होती. दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या लांब शेपटीचा पक्षी दिसला. शाळेत आठवीले होतो तवापासून आपण त्याले नवरदेव म्हणतो, शेला सांभाळत उडते म्हणून. वैभवी म्हणाली, हा स्वर्गीय नर्तक. अन् तू साऱ्याजणीइले ओरडून सांगितलं, स्वर्गीय नर्तक पाहा, स्वर्गीय नर्तक! नवरदेव कुठी गेला ग तुझा? वैभवीनं तिची दुर्बीण पहिले माझ्या हाती दिली. त्यातून तो इतका जवळ दिसला, त्याच्या डोळ्याभोवतीचं निळं कडंसुद्धा, की दुर्बीण परत द्यावीशी वाटंना. अन् त्याचाबी मले रागच आला. त्या दिवशी रोडगे भाजले, तुपातला पहिला रोडगा दरवर्षी तू मले देते, तो तू तिच्या पत्रावळीवर ठेवला. पाहुणी आहे म्हणाली. मी म्हटलं, मले भूकच नाही, अन् वांग्याच्या भाजीसंगं तीन रोडगे खाल्ले.

आता ऐक. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराले वाट फुटली. ग्यानबानं डाव्या वाटेवर फांदी टाकली अन् उजवीकडं वळला. मागच्या साऱ्या गप्पा मारत त्याच्या पाठोपाठ गेल्या. समोर ग्यानबा दिसत असला की फांदीकडं कोण पाहते? फांदी शेवटच्या दोघींसाठीच असते. मी काटा काढाचं निमित्त करून खाली बसली. वाटलं, तुमी येऊन पोचसाल, तिघी मिळून चालू. तेवढ्यात मागून तुझं हासू आलं. ते पोट धरून, हुंदका दिल्यासारखं हासणं. मले वाटे ते फक्त माझ्या बोलण्यावरच येते. मी उठली, डाव्या वाटेवरची फांदी उचलली अन् उजव्या वाटेवर आडवी ठेवली. देठसुद्धा फिरवून, बरोबर ग्यानबाच्या रीतीनं. अन् पळत जाऊन लताबाईले गाठलं. जरा वेळ चुकतीन, भांबावतीन, मले हाका मारतीन, एवढंच डोक्यात होतं. त्या रानात बिबट आहे हे मले नदीवर बसल्यावर आठवलं.

एक तास झाला, दीड झाला. ग्यानबा काठी घेऊन उलट्या पावली पळाला. मी नदीच्या वाळूत बसून देवाले काय काय कबूल केलं ते तुले सांगत नाही. दुपार कलली तवा तुमी तिघं आले. हातापायावर ओरखडे, केसात कुसळं, अन् दोघी एकमेकींचा हात धरून. तू रडून राह्यली होती अन् हासूनबी राह्यली होती. त्या चुकलेल्या वाटेवर एका झिऱ्याजवळ तुमाले चौशिंगा दिसला, पिलासंगं, पाणी पेताना. तू म्हणाली, वैजू, तुले सांगून समजणार नाही. अकरा वर्ष आपण दोघी त्या चौशिंग्यासाठी झुडपाआड श्वास धरून बसलो व! अन् तो मीच तिले दाखवला, माझ्या या हातानं. त्या क्षणी तुमी जित्या परत आल्या याचा आनंद मोठा का हे जळणं मोठं, ते मले अजून ठरवता आलं नाही.

कोणीतरी म्हटलं, ढोरानं फांदी हालवली असंल. तूच म्हणाली, नाही, देठासकट रीतीनं ठेवलेली होती, ग्यानबाचीच चूक. साऱ्या त्याच्याकडं पाहाले लागल्या. त्यानं काठी वाळूत ठेवली अन् म्हणाला, हाव बाई, चुकलं असंल माहं. मी तिथंच होती. मी बाटलीत पाणी भरत राह्यली.

परवा मी माहेरी किन्हीराजाले गेली होती. बाजारात ग्यानबाची बायको, कमलीबाई, भेटली, तिनं सारं सांगितलं. पुढच्या साली ग्यानबाले न्यायचं नाही, मोबाईलच्या नकाशावर जायचं, असं तू गटाले लिहिलं ते त्याच्या कानावर गेलं. तो वाशीमले जाऊन डोळे दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत. तवापासून त्यानं धरून ठेवलं की डोळे नाही तर डोकं गेलं. बकऱ्या जावयाकडं धाडल्या. वावरात जायचं तरी कमलीबाईले संगं घेते, वाट चुकीन म्हणते. ज्या माणसाले अख्खं रान पाठ, तो माणूस! कमलीबाईनं माझा हात धरला अन् म्हणाली, बाई, तुमीच त्याच्या मागं होत्या, खरं सांगा, त्यानं फांदी उलटी टाकली होती काय? अन् निकिता, मी म्हटलं, मले आठवत नाही. तिनं माझ्या पिशवीत बोरं टाकली अन् म्हणाली, जाऊ द्या, म्हातारपण कोणाले चुकलं. ते बोरं अजून पिशवीतच आहेत. उद्या पहिल्या एसटीनं मी किन्हीराजाले जाते अन् त्याच्या दारात, कमलीबाईच्या समोर, सांगते. साऱ्या गटापुढं हे पत्र वाचायचं काम तुझं. एक ओळबी गाळू नको, अन् वैभवीले पहिले वाचाले दे. मंग तुमी दोघी बसून माझ्याबद्दल बोलसाल, हे लिहितानाबी माझ्या पोटात दुखून राह्यलं. दुखू दे. मले तू परत नाही भेटली तरी चालंल, पण ग्यानबाले त्याचं रान परत भेटलं पाहिजे.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
वैजयंती